उदय रणखांबे यांचा डावा डोळा

प्रत्येक शहराच्या इतिहासात एक दिवस असा उगवतो, की सारे विद्वान त्या शहराकडे डोळे लावून बसतात. काशीला असे दिवस मिळाले, पैठणला मिळाले, आणि यंदाच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी तो मान मीरा-भाईंदरला मिळायचा होता. विद्वानांना दाखवण्यासाठी शहराने जी ठेव निवडली होती, ती म्हणजे पूनम सागर वसाहतीत राहणाऱ्या उदय रणखांबे यांचा डावा डोळा. आणि तो डोळा नेमका आठवडाभर आधी बरा झाला.

दुसऱ्या कुणाचा डोळा बरा झाला असता तर घरी पेढे आले असते. उदयने घरी काही सांगितलंच नाही. तो आला, काठी दाराआड टेकवली, सोफ्यावर बसला, उठला, गॅलरीत गेला, परत आला आणि फ्रिज उघडून आत नुसता बघत राहिला.

"काय हुडकायलास?" त्याच्या आईने, वैजयंताबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग लाव की ते दार. आतलं दही तुझ्याकडं बघून नासंल."

उदयला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. हा आजार समजायला अवघड आणि समजवायला त्याहून अवघड. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं की उदय सांगायचा, "आपल्या शरीराचा वॉचमन असतो ना, त्याने चोर सोडून घरातल्याच वायरी कुरतडायच्या. मग कधी दिवा मिणमिणतो, कधी पंखा अडकतो." यावर ऐकणारा हमखास म्हणायचा, "वॉचमन बदलून टाका."

उदय मिक्सरचा डेमॉन्स्ट्रेटर होता. मोठ्या दुकानांत आणि प्रदर्शनांत मिक्सरमागे उभं राहून चटणी वाटून दाखवणं हा त्याचा पेशा. दाखवण्यात त्याचा हात धरणारा दहिसरपासून विरारपर्यंत कुणी नव्हता. बर्फ फोडताना तो असा चेहरा करायचा, की मिक्सरने हिमालय फोडला असं गिऱ्हाइकाला वाटावं. एका प्रदर्शनात पुदिना वाटता वाटता त्याला सगळं दोन-दोन दिसायला लागलं. समोर एक बाई एकटीच उभी होती. उदय तिला आदबीने म्हणाला, "तुम्ही चाखलीत, आता तुमच्या बहिणीलाही द्या एक चमचा." ती बाई चटणी तशीच ठेवून निघून गेली.

त्यानंतर चष्मेवाल्याने नंबर बदलून पाहिला, हाडवाल्याने मानेला पट्टा बांधला, पोटवाल्याने गॅस ठरवला आणि नातेवाइकांनी एकमताने टेन्शन. पाय लटपटायला लागले तेव्हा पट्टा मानेवरून कमरेवर आला. नोकरी सुटली. शेवटी मीरा रोडच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात डॉक्टर कौस्तुभ रुजू झाले आणि त्यांनी पाहिल्याबरोबर नाव सांगितलं. मेंदूचे डॉक्टर बरेच असतात. कौस्तुभ त्याच्याही पुढे जाऊन दोन वर्षं फक्त या एका आजाराचं शिक्षण घेऊन आले होते.

"एकच आजार शिकायला दोन वरसं?" वैजयंताबाई म्हणाल्या होत्या. "लई ढ असंल लेकरू."

पण लेकरू हुशार होतं आणि त्याहून मुख्य म्हणजे त्याचा एकट्याच्या हुशारीवर विश्वास नव्हता. हा आजार डोळ्यापासून लघवीपर्यंत कुठेही हात घालतो, तेव्हा एकट्या डॉक्टरचं हे काम नव्हे, टीम पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याने टीम उभी केली. जवळच्या मोरवा गावच्या उर्मिला सिस्टर, ज्यांचा फोन पेशंटसाठी कायम चालू. व्यायाम घेणारा अथर्व. मनाचं बघणाऱ्या सुरुची मॅडम. शिवाय एक डोळ्यांच्या डॉक्टर आणि एक मूत्राशयाचे. हे सगळे दर पंधरवड्याला एका टेबलाभोवती बसायचे आणि पेशंटलाही बसवायचे. पूर्वी उदय पाच डॉक्टरांकडे जायचा आणि एकाने लिहिलेलं दुसरा खोडायचा. आता ते समोरासमोर बसून जागच्या जागी खोडत. प्रगती म्हणतात ती हीच. एक नियम मात्र पक्का होता. कुणी एकट्याने काही ठरवायचं नाही.

उदयला ते टेबल फार आवडायचं. पण त्याहून आवडायचे ते शिकवणीचे दिवस. कौस्तुभ सरांनी आसपासच्या फॅमिली डॉक्टरांना, फिजिओंना, चष्मेवाल्यांना हा आजार ओळखायला शिकवण्याचा नेम धरला होता, म्हणजे पुढच्या माणसाच्या नशिबी ते पट्टे येऊ नयेत. शिकवायला पेशंट लागतो. उदय तिथे खुर्चीवर बसायचा, सर डोळ्यांसमोर पेन धरून उजवीकडे न्यायचे. उजवा डोळा आज्ञाधारकपणे टोकाला जायचा आणि तिथे जाऊन थरथरायचा. डावा मात्र नाकापाशी यायच्या आधीच थांबायचा, नाक्यावर पोलीस बघून बिनहेल्मेटवाला थांबतो तसा. बघणारे "ओहो" करायचे. या लक्षणाला इंग्रजीत हातभर नाव होतं. उदयला ते नाव पाठ होतं, पण तो ते घ्यायचा नाही. मालाचं नाव शेवटी सांगायचं, आधी माल दाखवायचा, हा धंद्याचा नियम.

"घाई करू नका मॅडम, मागच्यांनाही दिसू द्या," तो म्हणायचा. "परत दाखवतो. सर, पेन जरा सावकाश घ्या, तुम्ही मागच्या वेळेला फार पळवला होता."

"रणखांबे सर, पेशंटने बोलायचं नसतं," कौस्तुभ हसत म्हणायचे. पण म्हणायचे 'रणखांबे सर'. सगळेच म्हणायचे.

आणि आता वर्षातली मोठी कार्यशाळा होती. मुंबईहून एक फार मोठे सर येणार होते, ज्यांचं नाव कौस्तुभ घेतानाही उभं राहून घेत. त्यांच्यासमोर दाखवायची केस उदयची. त्यासाठी इस्पितळात बोलावून तपासलं, तर अथर्व आनंदाने ओरडला, "सर, डोळा पूर्ण आत येतोय!"

कौस्तुभनी पेन फिरवला. डावा डोळा शहाण्या बाळासारखा नाकापर्यंत गेला. महिन्याच्या महिन्याला सलाईनमधून दिलेलं औषध लागू पडलं होतं.

"अभिनंदन!" सर म्हणाले. "यासाठीच तर सगळं करतो आपण."

"बारीक अडकतोय अजून," उदय म्हणाला. "नीट बघा. थकलो की जास्त."

"शनिवारी सकाळी परत बघू. थोडं काही दिसलं तर दाखवू. नाहीतर शिवाला बोलावून ठेवतो."

शिवा हा चेणे गावचा पेशंट. त्याचा हात थरथरायचा. ग्लास उचलायला गेला की हात असा नाचायचा, की पाणी सोडून सगळं तोंडापर्यंत यायचं.

"शिवाचं काय आहे दाखवण्यासारखं?" उदय म्हणाला. "नुसता हात. व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाईल आणि त्याचा हात, काय फरक आहे?"

"शिवाला त्रास होतो, रणखांबे सर."

"हो, ते आहे," उदय ओशाळून म्हणाला. पण रिक्षात बसेपर्यंत त्याला शिवाचा पुन्हा राग आला.

त्या आठवड्यात उदयला बूड टेकवता येईना. सकाळी उठल्याबरोबर तो मोबाईलचा कॅमेरा तोंडासमोर धरून उजवीकडे बघायचा. डोळा जायचा. दुपारी बघायचा. जायचा. आईला समोर बसवून म्हणायचा, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघ. अडकतोय का?"

"नाही रे बाबा. झ्याक फिरायलाय."

"नीट बघ."

"नीटच बघायले. बारशात पाळण्यातबी असाच बघत होतास."

तो उठून गॅलरीत जायचा, खाली बघायचा, आत यायचा. काठीची टकटक ऐकून खालच्या मजल्यावरच्या शाहबेनने वर फोन केला, "उदयभाई, फर्निचर का काम चल रहा है क्या?"

गुरुवारी मात्र त्याला आठवलं. आजाराचं नाव कळलं त्या आठवड्यात उर्मिला सिस्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला बसवून बजावलं होतं, "दादा, कडक पाण्यानं अंघोळ करायची न्हाय. दुपारच्या उन्हात फिरायचा न्हाय. अंग तापला का जुना सगळा वर येतंय. थंड झाला का जातंय, पण तवर पाय दगा देतील, पडाल."

जुनं सगळं वर येतं. उदय ताडकन उठला, म्हणजे त्याच्या परीने ताडकन.

मे महिन्याच्या भर दुपारी गिझर लागल्याचा लाल दिवा बघून वैजयंताबाई दाराशी आल्या. "आरं, नळाला उकळतं पाणी यायलंय की! गिझर कशाला?"

"अंग दुखतंय."

बराच वेळ आतून पाण्याचा आवाज आला. मग बादली आपटल्याचा आला. मग काहीच आला नाही.

"उदय?"

"आहे."

"मग बोल की!"

"बोलतोय ना."

तो फरशीवर बसला होता. पायांतलं बळ भिजलेल्या टॉवेलसारखं गळून गेलं होतं. पण हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये, वाफेने धुरकटलेल्या चौकटीत, डावा डोळा मध्यावर येऊन थांबला होता. उदयच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की जणू नऊशे वॉटच्या मोटरने नारळ सालासकट वाटला.

संध्याकाळी त्याची बायको पंचशीला ऑफिसातून आली. ती भाईंदरच्या एका शाळेच्या ऑफिसात होती आणि दिवसभर पालकांशी भांडून आल्यामुळे घरी तिला आवाज चढवायची गरज पडत नसे.

"आई म्हणतायत तुम्ही बाथरूममध्ये अर्धी दुपार बसून होतात."

"घसरलो नाही. बसलो. फरक आहे."

"का बसलात?"

उदयने सांगितलं. पंचशीलाने पर्स खाली ठेवली.

"अहो, लोक बरं व्हायला डॉक्टरकडे जातात."

"मी डॉक्टरकडे कुठे चाललोय? मी कार्यक्रमाला चाललोय."

"दाखवायला काही नाही म्हणून रडणारा पेशंट मी पहिला बघतेय. शिवाला दाखवू देत ना! तुमचं काय जातंय?"

"माझंच जातंय," उदय म्हणाला. तो परत उठला होता. "घरी मला सगळे काय म्हणतात? बसा. उदय, बस. अहो, बसा जरा. तिथे मला म्हणतात, रणखांबे सर, या. चाळीस माणसं माझ्याकडे बघतात, पंचू. मिक्सर सुटल्यापासून कुणी बघितलंय माझ्याकडे? बघतात ते काठीकडे."

पंचशीलाने खाली ठेवलेली पर्स उचलून खुंटीला लावली. मग म्हणाली, "मी बघते ना."

"तू बघतेस मी पडतोय का ते."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे पंचशीला भात लावायला उठली. झोपताना ती एवढंच म्हणाली, "शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस आहे. मी तिकडूनच येईन. गिझरला हात लावाल तर बघा."

उदयने तिचं ऐकलं. शनिवारी त्याने गिझरला हात लावला नाही.

कार्यशाळा भाईंदर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये होती. हॉल एरवी लग्नाचा. स्टेजवरची तपासणी जेवणाआधी ठरली होती. उदय बराच आधी पोचला आणि वर न जाता पार्किंगमध्ये एका पत्र्याच्या शेडला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. पिशवीतून त्याने स्वेटर काढला आणि घातला. वर कानटोपी चढवली. अंगावर भर ऊन, पाठीला तापलेला पत्रा.

हॉलचा वॉचमन लांबून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "साब, ऊपर एसी है."

"मालूम है."

"तबीयत ठीक नहीं है क्या?"

"वही तो लाने की कोशिश कर रहा हूँ."

वॉचमन जरा अंतर ठेवून उभा राहिला.

वर जाताना लिफ्टमध्ये उदयला स्वतःचे गुडघे दुसऱ्याचे वाटत होते. पण आरशात बघून त्याने डोळे उजवीकडे नेले, आणि डावा मध्येच थांबला. सुंदर थांबला. लिफ्टचे दोन-दोन दरवाजे उघडले. उदय अंदाजाने त्यातल्या खऱ्यातून बाहेर आला.

शिवा बाहेर खुर्चीवर बसून समोसा खायचा प्रयत्न करत होता. "रणखांबे सर, तुमचा नंबर पहिला का माझा?"

"तू खा निवांत," उदय उदारपणे म्हणाला.

कौस्तुभ सर पाहुण्यांच्या गडबडीत होते, त्यामुळे सकाळची तपासणी राहिली ती राहिलीच. उदयला सरळ स्टेजवर नेऊन खुर्चीत बसवलं. समोर सत्तरएक डॉक्टर. पहिल्या रांगेत मुंबईचे मोठे सर, पांढऱ्या भुवयांचे. एसी पाचशे वऱ्हाडी मंडळींच्या हिशोबाने लावलेला, त्यामुळे डॉक्टर लोक ओढण्या आणि फायली पांघरून बसलेले. उदय स्वेटर-कानटोपीत होता याचं कुणाला काही वावगं वाटलं नाही. मोठे सर स्वतः स्टेजवर आले, खिशातून पेन काढला.

"माझ्याकडे बघा. आता पेनाकडे."

डोळा थांबला. दुसरा थरथरला. सभागृहातून तो ओळखीचा "ओहो" आला आणि उदयच्या अंगात वीज खेळली.

"मागच्यांना दिसलं का?" तो म्हणाला. "परत दाखवतो."

"पाठ्यपुस्तकात घालावा असा डोळा आहे," मोठे सर म्हणाले. "वा, कौस्तुभ!"

पण कौस्तुभ वा घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. ते माईकपाशी गेले.

"मित्रहो, एक प्रामाणिकपणे सांगतो. हे मागच्या आठवड्यात नव्हतं. पेशंट औषधावर आहे आणि औषध चालतंय असं आम्ही समजत होतो. आज हे परत आलंय. याचा अर्थ बहुतेक आजाराचा नवा अटॅक आहे. दुपारच्या सत्रात टीम कशी निर्णय घेते ते दाखवणार होतो. ते आत्ताच दाखवतो. टीम, वर या."

टीम वर आली. उदयला वाटलं, आपल्या डोळ्यासाठी एवढी माणसं! मग ती बोलायला लागली.

"चालही बिघडलीय," अथर्व म्हणाला. "लिफ्टपासून बघतोय. पाय ओढतायत."

"आठवडाभर अस्वस्थ होते असं घरून कळलंय," सुरुची मॅडम म्हणाल्या. "झोप कमी. मूडचाही विचार करायला हवा."

उर्मिला सिस्टरांनी त्याच्या मनगटाला हात लावला. "अग बाय! अंग केवढा तापलाय दादांचा!"

"ताप?" मूत्राशयाचे डॉक्टर पुढे झाले. "मग इन्फेक्शन. लघवीचं कल्चर आधी."

"आत्ताचं औषध थांबवायला लागेल," कौस्तुभ म्हणाले. "एमआरआय आजच. मग दुसऱ्या औषधाकडे. ते जास्त कडक आहे, रक्त सारखं तपासावं लागतं, जंतुसंसर्गाची भीती जास्त. पण पर्याय नाही. सगळ्यांना मान्य?"

एकेकाने मान हलवली. मोठ्या सरांनीही हलवली. कुणी एकट्याने ठरवलं नव्हतं. टीमने चूक केली तरी ती किती शिस्तीत करते, हे सत्तर डॉक्टर लिहून घेत होते.

"सिस्टर, बेड सांगून ठेवा," कौस्तुभ म्हणाले. "आजच ॲडमिट."

ते सलाईनवालं औषध सुरू होईपर्यंत उदय घरातल्या घरात भिंत धरून चालायचा. त्याच्यामुळे तो आता खालच्या दुकानापर्यंत जायचा, एकटा. त्याने सभागृहात नजर टाकली. शेवटच्या रांगेत पंचशीला होती. कधी आली कोण जाणे. ती स्वेटरकडे बघत होती. तिने हात उंचावला नाही, ती उठली नाही, ओरडली नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून ती नुसती बघत राहिली, आणि या वेळी तो पडतोय का ते ती बघत नव्हती.

"सर," उदय म्हणाला.

"घाबरू नका, रणखांबे सर. आम्ही सगळे आहोत."

"तेच सांगतोय. औषध थांबवू नका. चांगलं औषध आहे. मी उन्हात बसलो होतो."

"कुठे?"

"खाली. पार्किंगमध्ये. पत्र्याला टेकून. मुद्दाम." त्याने कानटोपी काढली. केस घामाने चिकटले होते. "स्वेटर घालून. डोळा यावा म्हणून."

लग्नाच्या हॉलमध्ये एवढी शांतता नवरा पळून गेल्यावरच पसरते. एसीचा आवाज तेवढा येत राहिला, आणि त्या गार हवेत उदयचा डोळा हळूहळू, कुणी न सांगता, जागेवर जायला लागला. मोठ्या सरांनी पुढे होऊन परत पेन फिरवला. डोळा बराचसा आत आला.

"गंमत आहे," मोठे सर खुश होऊन म्हणाले. "जुन्या काळी पेशंटला मुद्दाम गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत असत. यांनी स्वतःच केलं!"

"अहो, पडला असता तर पार्किंगमधे!" उर्मिला सिस्टर कडाडल्या. "मी काय सांगितलेला? न्हाय सांगितलेला मी?"

"सांगितलं होतंत. त्यावरूनच सुचलं."

कौस्तुभनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एक तर ते फार चिडले होते, नाहीतर फार घाबरले होते. आपण सत्तर माणसांसमोर काय करायला निघालो होतो, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. आज सकाळी तपासणी राहिली होती, हेही येत होतं. शेवटी त्यांनी माईक बाजूला धरून हळू आवाजात विचारलं, "पण का, उदय?"

'रणखांबे सर' गेलं होतं. उदयने ते ऐकलं.

"बरा झालो तर मला बोलावणार कोण?" तो म्हणाला.

माईक बाजूला होता, पण बंद नव्हता. सगळ्यांनी ऐकलं.

पहिल्या रांगेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी नाक ओढलं, थंडीने असेल. मग मोठे सर माईकपाशी गेले. ते म्हणाले, आपण सगळे आजार शिकलो, आज माणूस शिकलो. टीममध्ये डॉक्टर असतो, परिचारिका असते, पण जो खुर्चीत बसतो तो टीमचा पाहुणा नव्हे, यजमान आहे. ते बरंच काही म्हणाले, आणि चांगलं म्हणाले. लक्षण असो वा नसो, यापुढे या शिकवणीत रणखांबे यांना शिक्षक म्हणून मानाची जागा असावी, असा ठराव त्यांनी तिथल्या तिथे मांडला. टाळ्या झाल्या. उभं राहून झाल्या. शिवाही दारातून आत येऊन टाळ्या वाजवू लागला आणि त्याच्या टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ चालल्या. शिक्षकाने नेमकं काय शिकवायचं आणि कधी यायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. जेवण गार होत होतं.

सुरुची मॅडमनी पंचशीलाला एका कोपऱ्यात गाठून, काळजी घेणाऱ्यावरही ताण कसा येतो, हे सांगायला सुरुवात केली. ती त्यांच्या खांद्यावरून स्टेजकडे बघत "हो, हो" म्हणत होती.

तेवढ्यात कुणीतरी ग्रुप फोटोची टूम काढली आणि सत्तर डॉक्टर, टीम, मोठे सर, सगळे स्टेजवर चढले. उदय खुर्चीवरून काठीच्या आधाराने उठून उभा राहिला. सगळ्यांच्या बरोबर मध्ये. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने स्वेटर खाली ओढून नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि जुन्या सवयीने, प्रदर्शनातल्यासारखा, चेहरा हसरा केला.

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, परत लावला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हाल का? मागच्या बॅनरवरचं 'रुग्ण केंद्रस्थानी' झाकलं जातंय."

उदयने मागे वळून बघितलं. खरंच झाकलं जात होतं.

"होतो की," तो म्हणाला. "फक्त ही पायरी उतरायला कुणीतरी हात द्या."